शेंदराखालचा बोल्ट

विन्या, बॅटरीच खराब होती, असं तू शेवटपर्यंत म्हणत राहिलास. त्या दिवशी दवाखान्यात बोलायला दम पुरत नव्हता, तरी हातानं खूण करून मला जवळ बोलावलंस. मला वाटलं, आता काहीतरी सांगणार, वहिनींचं, पोरांचं. आणि तू म्हणालास, "सुखदेव, बॅटरीच होती." नर्सला वाटलं पेशंट भ्रमात गेला. तिला मी काय सांगणार होतो? हा आमचा जुना खटला आहे बाई, आणि वकील खाटेला टेकला तरी तारीख सोडायला तयार नाही, असं सांगितलं असतं तर तिनं मलाच शेजारच्या खाटेवर झोपवलं असतं.

काल तुझं तेरावं झालं. लोक तुझ्याविषयी फार चांगलं बोलले, पण माझ्या ओळखीचा विन्या त्या भाषणांत कुठं दिसला नाही. मलाही दोन शब्द बोलायला सांगितले. मी उभा राहिलो, "विनायकराव" एवढं म्हणालो आणि खाली बसलो. तुला उभ्या जन्मात मी कधी विनायकराव म्हटलं नव्हतं, तोंडातून पुढचं निघेचना. म्हणून आज अमरावतीला घरी येऊन तुझ्याशी सरळ बोलायला बसलो आहे. मधे बोलू नकोस. पहिल्यांदाच ही सोय झाली आहे, तर होऊ दे माझं पुरतं बोलून.

तुला आठवत असेल, आपली गाठ इथल्याच कॉलेजात पडली, फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला. तू अकोल्याच्या जठारपेठेतल्या वकिलाचा मुलगा, घरात पिढ्यांची भिक्षुकी, पोथ्यापुराणं. मी मूर्तिजापूरच्या रेल्वे यार्डात डबे ढकलणाऱ्याचा मुलगा. तुझी पद्धत अशी, की आधी उत्तर ठरवायचं, मग त्याला जमतील असे आकडे वहीत मांडायचे आणि सगळ्यात शेवटी वेळ उरला तर प्रयोग करायचा. मी संतापायचो. तू म्हणायचास, "अबे, निकाल आधी माहीत असला की पुरावा गोळा करायला सोपा जातो." तेव्हाच मी ओळखलं की हा गडी विज्ञानात टिकत नाही. टिकला नाहीसच. तू कायद्याकडे गेलास, मी वीज खात्यात चिकटलो. पुढं आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली, तेव्हा तू अकोल्याहून मुद्दाम आलास आणि माझ्या बाबांना "जयभीम" केलास. बाबा तुला आधीपासून विनायकराव म्हणत. त्या दिवसापासून तुझं नाव काढलं की त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचा मान यायचा. मला तसा मान कधी मिळाला नाही, हे सांगून ठेवतो.

तर ती गाडी. तुझ्या वडिलांनी युद्धाच्या आधी घेतलेली, काळी, विलायती. ते गेल्यावर गाडी तुझ्याकडे आली आणि तिच्याबरोबर तिची दुखणीही आली. त्या वर्षी तिनं एकच धरलं होतं: स्टार्टरचा नॉब ओढला की "घुर्र" करून गप्प. दम लागलेला रेडा जसा चढावर थांबतो तशी. मग पुढून हँडल मारायचं, नाहीतर शेजाऱ्यांना हाका मारून धक्का द्यायचा. हँडलनं एकदा उलटा झटका देऊन तुझं मनगट सुजवलं. तेव्हापासून तू हँडलच्या वाटेला जाईनास. जठारपेठेतले लोक मात्र खुशीनं धक्का मारत. सकाळी वकीलसाहेबांची गाडी कोर्टाकडे ढकलून दिली की त्यांना दिवस कारणी लागल्यासारखा वाटायचा.

अशात माझं लग्न ठरलं, पातूरच्या मुलीशी. तू ऐकल्याबरोबर जाहीर केलंस, "नवरदेव माझ्या गाडीतून जाईन. मूर्तिजापूरहून पातूरले, थेट." मी ते बाबांना सांगितलं. बाबा आधी हसले, मग एकदम गंभीर झाले.

"थे गाडी धक्क्यावर चालू होते ना?"

"कधी कधी."

"मंग नको." मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "जिंदगीभर डबे ढकलले मी. वस्तीतल्या लोकायनं बी दुसऱ्याचंच ढकललं. लग्नाच्या दिशी आपल्या एकाबी मानसानं गाडीले हात लावाचा नाही. आपसूक चालू होत असीन तं आना. नाही तं बैलबंडी चांगली."

हे मी तुला सांगितलं तेव्हा तू नेहमीप्रमाणे थट्टा करशील, अशी माझी खात्री होती. तू केली नाहीस. एवढंच म्हणालास, "होईन. आपसूकच चालू होईन." आणि त्या दिवसापासून लग्नापेक्षा मला गाडीची धास्ती लागली. बाबांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

त्यानंतरचे रविवार आठवतात का रे? मी अमरावतीहून पहाटेच निघायचो आणि तुझ्या अंगणात शर्ट काढून गाडीखाली शिरायचो. तू वर खुर्ची टाकून बसायचास आणि उलटतपासणी घ्यायचास. तुझं म्हणणं एकच, बॅटरी. "नॉब ओढला की समोरचे दिवे मंदावते. म्हणजे आरोपी कोन? बॅटरी." मी म्हणायचो, बॅटरी तर तू मागच्याच महिन्यात नवी टाकलीस. तू म्हणायचास, "मंग नवीच खोटी निघाली." माझं म्हणणं, स्टार्टर. आतले कार्बन झिजले असतील, ताकद येत नसेल. मी स्टार्टर उतरवला, उघडला. कार्बन खरंच झिजले होते. मी विजयी मुद्रेनं ते तुझ्या नाकासमोर धरले. नवे आणून बसवले, आतला तांब्याचा भाग घासून चकचकीत केला, सगळं जोडलं. तू मोठ्या थाटात नॉब ओढलास.

"घुर्र."

तू इतका हसलास, की काकू बाहेर आल्या. तुझ्या आईला तुझ्या हसण्याची काळजीच वाटायची, कुणाचं काहीतरी बिघडलं असल्याशिवाय तू हसत नाहीस असं त्यांचं मत होतं. मला मात्र रडू यायचं बाकी होतं. लग्न तोंडावर आलं होतं.

मी हट्टानं स्टार्टर पुन्हा उतरवला, अंगणात फरशीवर ठेवला, पायानं दाबून धरला आणि बॅटरीच्या जाड तारा थेट त्याला टेकवल्या. तो असा उसळला की माझी चप्पल उडाली. गरगर फिरला. म्हणजे स्टार्टर ठणठणीत, आणि बॅटरीही ठणठणीत. आपण दोघंही खटला हरलो होतो. तू खुर्चीवरून उठलास आणि पहिल्यांदा माझ्याशेजारी उकिडवा बसलास. "मंग चोर कोन?" मी म्हणालो, "चोर मधात आहे. वाटेत कुठंतरी करंट अडून राहिला."

स्टार्टर परत चढवला. मी तुला नॉब ओढून धरायला सांगितलं आणि बॉनेटमध्ये डोकं घातलं. काही दिसेना. पण वास आला. तापल्या तेलाचा, ओळखीचा, गाडीत यायला नको असलेला वास. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. पायरीवरच थांबल्या, नाक वर केलं आणि समाधानानं म्हणाल्या, "देवळासारखा वास येऊन राहिला बाई!" चहा ठेवून आत गेल्या.

आपण एकमेकांकडे पाहिलं. बॅटरीपासून निघणारी अर्थिंगची जाड विणलेली पट्टी गाडीच्या सांगाड्याला जिथं बोल्टानं कसलेली असते, तिथं शेंदूर होता. थोडाथोडका नाही, चांगला मुठीएवढा गोळा. तुझ्या वडिलांनी गाडी घेतली त्या दसऱ्याला त्या बोल्टाच्या डोक्याला शेंदूर-तेल लावून तिथं गाडीचा देव मांडला होता. पुढं ते दर दसऱ्याला लावत गेले, त्यांच्यामागं काकूंनी ते चालवलं. देव वाढत गेला. इतकी वर्षं त्यानं कुणाला त्रास दिला नाही, कारण पट्टी त्याच्या खाली, लोखंडाला घट्ट बिलगून होती. पण मागच्या महिन्यात जुनी बॅटरी संपली म्हणून नवी टाकताना तू स्वतः ती पट्टी सोडवलीस. पुन्हा बसवताना शेंदूर आड आला. देवाला खरवडायचं कसं, म्हणून तू पट्टी शेंदराच्याच वर ठेवलीस आणि नट कसलास. वकीलसाहेब, लोखंडाला लोखंड भिडेना आणि करंट देवापाशी अडून बसला.

मला हसू आवरेना. तुलाही. आणि मग दोघांचंही हसू एकदम थांबलं.

"आई दुपारी कीर्तनाले जाईन," तू हळूच म्हणालास. "तेवढ्यात खरवडू. बोल्ट कसू. वरून ताजा शेंदूर फासू. तिले पत्ता लागनार नाही."

"चोरून नाही," मी म्हणालो.

"काहून?"

"उद्या कळलं तं लोक काय म्हनतीन? विनायकनं देव खरवडला, असं कोनीच म्हननार नाही. सुखदेव येऊन खरवडून गेला म्हनतीन. आईले सांग."

"खाली माझ्या बाबांच्या हातचा शेंदूर आहे रे. तिले कसं सांगू?"

"तुझी आई, तुझा देव, तुझी गाडी. मी हात लावनार नाही."

"तुले लग्न करायचं आहे का तत्त्वज्ञान?"

मी चहा तसाच ठेवला, शर्ट अंगात घातला आणि स्टेशनवर निघून आलो. तू फाटकापर्यंतही आला नाहीस. आगगाडीत बसल्यावर मला वाटलं, संपलं. बाबांना सांगावं की बंडीच चांगली. त्या भांडणाचा निकाल आपण पुढं कधी लावला नाही. तू म्हणायचास, मी चोरूनच खरवडला असता आणि त्याचं पाप माझ्या खाती घेऊन तुझं लग्न वाजवलं असतं. मी म्हणायचो, मग मी त्या गाडीत बसलो नसतो. आजही बसलो नसतो. पण तू त्या आठवड्यात खरवडला मात्र नाहीस. माझ्या हट्टाखातर थांबलास, हे मी तुझ्या तोंडावर कधी मान्य केलं असतं तर तू डोक्यावर बसला असतास.

पुढच्या रविवारी मी आलो, तो केवळ राहवेना म्हणून. तू काकूंना अजून सांगितलं नव्हतंस. जज्जासमोर तासन् तास बोलणारा माणूस, आईसमोर धोतराचा सोगा पिळत उभा. "आई, असं समज, की एखाद्या घरात एखादी वस्तू आहे..."

"वकिली नको करू. काय झालं ते सांग."

तू सांगितलंस. काकू ऐकत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुला माहीत होतं?"

"हो काकू."

"मग मला काहून नाही सांगितलं? याला तर घरात जीभच नाही. तुलाही नाही?" आणि आत निघून गेल्या. आतून भांड्यांचे आवाज यायला लागले. तू माझ्याकडे असं पाहिलंस, की झालं तुझं समाधान? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात पूजेचं तबक होतं आणि दुसऱ्या हातात उलथनं. बॉनेट उघडायला लावलं. शेंदराच्या गोळ्यावर हळद-कुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, डोळे मिटून पुटपुटल्या. मी तुझ्याकडे पाहिलं, तू कानात म्हणालास, "उत्तरपूजा करून राहिली." गणपती उठवायच्या आधी करतात ती. मग त्यांनी गोळ्याला हात लावून हलवून पाहिलं. तो कशाला हलतो!

"सुखदेव, तुझ्या पान्यानं जरा हलव रे," काकू म्हणाल्या. "जागचा हलल्याशिवाय देव उठत नाही."

दीक्षा घेतल्यापासून मी कुठल्या देवासमोर हात जोडले नव्हते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी हात जोडायला सांगितलं नाही. पाना लावायला सांगितलं. मी नटाला पाना लावला आणि थोडा फिरवला. गोळा चरचरला, तडकला, हलला. काकूंनी मोठा श्वास सोडला. "झालं. आता तो बोल्ट आहे," म्हणाल्या, आणि उलथनं तुझ्या हातात दिलं. "तुझ्या बाबांचा हात आहे खाली. तूच काढ."

तू खरवडलंस. वरचा भाग भगवा, त्याखाली गडद, अगदी खाली काळपट तांबडा. शेवटचा पापुद्रा निघाला तेव्हा तू मान वळवलीस. तुझं रडणं मी तेव्हा पाहिलं, मग पुन्हा कधीच नाही. काकूंनी तो पापुद्रा पदरात घेतला आणि तुळशीत नेऊन ठेवला. मी बोल्ट आणि पट्टी पॉलिश पेपरनं घासून उजळ केली, नट आवळला. तू नॉब ओढलास. गाडी अशी धडाडून सुरू झाली, की काकू दोन पावलं मागं सरल्या. गाडीकडे बघत राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस हिला मीच अडवून ठेवलं होतं का रे?"

"छे गं," तू क्षणाचाही विचार न करता म्हणालास. "बॅटरी खराब होती."

माझं तोंड उघडलं होतं ते मी मिटलं. तुझी पुढची सगळी वकिली त्या एका वाक्यावर चालली. बॅटरी खराब नसती तर मी नवी टाकली नसती, नवी टाकली नसती तर पट्टी सोडवली नसती, तेव्हा मूळ आरोपी बॅटरी. काकू असेपर्यंत तू हे त्यांच्यासमोर दर दसऱ्याला सिद्ध करायचास, आणि मी विरोधी पक्षाचं काम करून दरवेळी रीतसर हरायचो. त्या गेल्यावरही आपण ते सोडलं नाही. मला सगळं समजत होतं रे. पण तुझ्याशी भांडायची मजा मी का सोडू? आता कुणाशी भांडू, हे सांगायला मात्र तू थांबला नाहीस. राग येतो मला तुझा. सकाळी उठलो की पहिल्यांदा तोच येतो, रडू नंतर येतं.

आणि एक गोष्ट तुला सांगायची राहिली, ती लग्नाच्या दिवसाची. तू सकाळी अकोल्याहून आलास, वस्तीत गाडी उभी केलीस आणि इंजिन बंद केलंस. मी खूण करत होतो, चालू राहू दे म्हणून. तू माझ्याकडे पाहिलंच नाहीस. बाबांना जयभीम केलास, आमच्या घरात बसून चहा प्यालास, दुसरा मागून घेतलास. निघायची वेळ झाली. मी मागं बसलो. आणि वस्तीतले चार जवान पोट्टे, कुणी सांगितलं नसताना, सवयीनं गाडीच्या मागं जाऊन वाकले.

"हात काढा!" बाबा ओरडले. त्यांचा असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. "मांगं कोनी उभं राहाचं नाही!"

पोट्टे बाजूला झाले. बाया डोक्यावरचा पदर धरून बघत होत्या. सगळ्यांची नजर तुझ्या हाताकडे, आणि तू हात मांडीवर ठेवून बसलेला.

"बाबा, इकडं माझ्या बाजूले बसा," तू म्हणालास. "हे गुंडी तुमीच वढा."

"मले नाही जमत. मोडलं तं?"

"मोडलं तं सुखदेव करते ना दुरुस्त. त्याले सरकार पगार कायचा देते?"

बाबा बसले. नवं धोतर सावरलं, दोन्ही हातांनी नॉब धरला आणि डबा ओढावा तसा सगळ्या अंगानं ओढला. गाडी सुरू झाली. वस्तीत जो गलका झाला, त्यात इंजिनाचा आवाजही ऐकू येईना. बाबांचा हात नॉबवर तसाच होता. ते तुझ्याकडे वळले आणि लहान आवाजात म्हणाले, "विनायकराव, आखीन एक डाव?"

मी मागून म्हणालो, "बाबा, उशीर होते." एकदा झालं ते झालं. पुन्हा घुर्र झालं असतं तर त्या सगळ्यांसमोर काय उरलं असतं? तुलाही ते माझ्याइतकंच कळत होतं. तू आरशातून माझ्याकडे पाहिलंस आणि किल्ली फिरवून गाडी बंद केलीस. त्या घटकेला मी तुला मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्या आजही सांगण्यासारख्या नाहीत. बाबांनी या वेळी एकाच हातानं नॉब ओढला, अगदी सहज, आणि गाडी पहिल्याहून जोरात सुरू झाली.

बाबा त्यानंतर बरीच वर्षं जगले. माझ्या लग्नाचं त्यांना फारसं काही आठवत नव्हतं, सून कुठली तेही कधी कधी विसरत. पण घरी कुणी नवा माणूस आला की जवळ बसवून सांगायचे, "म्या मोटार चालू केली होती. दोन डाव. कोनी हात नाही लावला." आणि प्रत्येक वेळी ते "दोन डाव" म्हणत, तेव्हा मला तुझं नाव घेऊन काहीतरी म्हणायचं असायचं, आणि मी नुसताच उठून त्यांच्यासाठी पाणी आणायला जायचो.